सेट ३४० वर पूर्ण होतो की नाही?

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मूळचा साताऱ्याचा. आमच्या शेजारचे आजोबा ब्रुकलिनमध्ये वाढलेले, आता मुलीकडे फ्लोरिडाला कायमचे गेले. जाताना त्यांनी मला बिस्किटांचा एक जुना डबा दिला, त्यात त्यांच्या लहानपणीची, टॉप्स या कंपनीने १९५६ साली काढलेली दोनशेच्या आसपास बेसबॉल कार्डं. माझी मुलगी सॉफ्टबॉल खेळते, त्यामुळे मलाही गोडी लागली आणि आम्ही दोघांनी मिळून उरलेल्यांपैकी बरीच जमवली. परवा एका कार्ड शोमध्ये एक विक्रेता म्हणाला, पाठ पांढरी आणि राखाडी अशी दोन्ही कार्डं नसतील, टीम कार्डांचे तिन्ही प्रकार नसतील तर तुमचा सेट पूर्ण नाहीच. मी हादरलो. मग ३४० हा आकडा खोटा का? बायको विचारते, एकाच माणसाचं तेच कार्ड दोनदा कशाला घ्यायचं, आणि मला तिला उत्तर देता येत नाहीये. मिकी मँटल या नामांकित खेळाडूचं कार्ड डब्यातच मिळालंय, कोपरे गोल झालेत, मधून एक घडी आहे. ते विकून बाकीची घ्यावीत का? आणि हे व्हेरिएशन प्रकरण नक्की समजून कसं घ्यायचं?

उत्तर:

दादा, आधी सरळ उत्तर देते कारण पत्रात तुमची घालमेल दिसतेय. ३४० हा आकडा अजिबात खोटा नाही. टॉप्सने १९५६ साली १ ते ३४० नंबरची कार्डं काढली, ती सगळी तुमच्याकडे एकेक आली की सेट पूर्ण, आणि असं म्हणायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. तो विक्रेता जे सांगत होता त्याला मास्टर सेट म्हणतात, म्हणजे त्या वर्षीच्या प्रत्येक नंबरचे जेवढे म्हणून प्रकार छापले गेले ते सगळे. तो एक वेगळा छंद आहे, चांगला छंद आहे, पण तुम्ही अजून तो सुरूच केलेला नाही, त्यामुळे त्यात तुम्ही मागे पडलात असं होत नाही. आणि विक्रेत्याच्या टेबलावर दुसऱ्या पाठीची कार्डं विकायला असतात हेही लक्षात असू द्या, तो खोटं बोलला असं मी म्हणत नाहीये, त्याला त्याचा माल दिसत होता एवढंच.

आता व्हेरिएशन म्हणजे काय ते नीट बघू, कारण हे एकदा डोक्यात बसलं की कुणी काहीही सांगितलं तरी तुम्ही हादरणार नाही. आपल्याकडे नाणी जमवणारे लोक एक रुपयाच्या नाण्यावर सालाच्या खाली चौकट आहे की चांदणी ते बघतात, चौकट असली तर मुंबई टांकसाळ, चांदणी असली तर हैदराबाद. रुपया तोच, पण तो कुठे पडला ते त्या खुणेवरून कळतं. कार्डांचंही तसंच आहे, नंबर तोच, खेळाडू तोच, चित्र तेच, पण छापताना काहीतरी बदललं आणि त्याची खूण कार्डावर राहिली. म्हणून एखादं व्हेरिएशन समोर आलं की ते किती दुर्मिळ आहे हा प्रश्न नंतर विचारायचा, आधी विचारायचं की हे बदललं कशामुळे.

तुमच्या ५६ पासूनच सुरू करू. १ ते १८० नंबरची कार्डं दोन तऱ्हेच्या पुठ्ठ्यावर छापली गेली, त्यामुळे काहींची पाठ पांढरी आणि काहींची राखाडी. १८१ पासून पुढे सगळी राखाडी. यातून एक फार सोयीची गोष्ट मिळते जी तो विक्रेता तुम्हाला सांगायला विसरला, ती म्हणजे १८१ च्या वरचं कुठलंही साधं कार्ड हाताशी ठेवलं की राखाडी कशी दिसते याचा नमुना तुमच्याकडे कायम तयार. सत्तर वर्षांत पांढरा पुठ्ठा पिवळट पडतो, साईसारखा होतो, कुठे डाग येतात, आणि पिवळ्या दिव्याखाली तो चक्क राखाडी भासतो, तिथेच लोकांची फसगत होते. दिवसा खिडकीपाशी बसा, शंका असलेलं कार्ड उलटं ठेवा, शेजारी तुमचं दोनशे कितीतरी नंबरचं कार्ड उलटं ठेवा, आणि कार्टूनच्या तीन चौकटींच्या बाहेरचा जो मोकळा भाग आहे तिथला रंग बघा. राखाडी पुठ्ठा मातकट, खरबरीत दिसतो, मळलेला पांढरा तसा दिसत नाही. चार-पाच कार्डं अशी बघितली की तुमची मुलगी नुसत्या नजरेने सांगायला लागेल बघा, मुलांचे डोळे या कामात आपल्यापेक्षा तल्लख असतात.

टीम कार्डांचं प्रकरण छोटं आहे. पहिल्या शंभरात सहा टीम कार्डं येतात, शिकागो कब्ज ११, फिलीज ७२, क्लीव्हलँड ८५, सिनसिनाटी ९०, मिलवॉकी ब्रेव्हज ९५ आणि बाल्टिमोर १००, आणि फक्त या सहांचे तीन-तीन प्रकार आहेत. एकात टीमच्या नावासोबत १९५५ हे साल छापलंय, एकात साल नाही आणि नाव मधोमध आहे, एकात साल नाही आणि नाव डावीकडे सरकलंय. बाकीच्या टीम कार्डांना ही भानगड नाही. म्हणजे त्या विक्रेत्याचं वाक्य ऐकून तुम्हाला सगळ्या टीमची तीन-तीन कार्डं डोळ्यासमोर आली असतील तर ती घाई झाली, विषय सहा कार्डांचा आहे.

शिवाय त्या वर्षी दोन चेकलिस्ट कार्डं, म्हणजे कुठली कार्डं मिळाली त्यावर खूण करायच्या याद्या, निघाली ज्यांना नंबरच नाही. पोरांनी ती ज्यासाठी होती त्यासाठीच वापरली, म्हणजे पेन्सिलीने किंवा पेनाने खुणा केल्या, त्यामुळे कोऱ्या चेकलिस्टला आज भलताच भाव आहे. ३४० मध्ये त्या मोजायच्या की ३४२ म्हणायचं यावर जुने कलेक्टर अजून वाद घालतात. माझं मत, घ्या पण खुणा केलेल्या घ्या, स्वस्त पडतात. आणि डब्यातल्या दोनशेमध्ये आजोबांनी स्वतः खुणा केलेली एखादी निघाली तर तिला रबर लावू नका, खोडून कोरी करू नका. एक तर खोडलेलं जाणकाराला भिंगातून लगेच दिसतं आणि ते विकताना लपवणं सरळ फसवणूक आहे, आणि दुसरं म्हणजे ब्रुकलिनच्या एका पोराकडे त्या वर्षी कुठकुठली कार्डं होती याची ती नोंद आहे.

थोडं ५६ च्या बाहेर जाऊ, कारण व्हेरिएशन का होतात ते एका वर्षात पूर्ण दिसत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते १९७४ चं. त्या वर्षी टॉप्सने पहिल्यांदाच सगळी ६६० कार्डं एकदम बाजारात आणली, म्हणजे छपाई सीझनच्या बरीच आधी उरकायची होती. आणि नेमकं तेव्हाच सॅन दिएगो पाद्रेज ही टीम विकली जाऊन वॉशिंग्टनला जाणार असं जवळपास नक्की झालं होतं. टॉप्सने बातमीवर विश्वास ठेवून छापायला सुरुवात केली, पण नव्या टीमचं नावच अजून ठरलेलं नव्हतं, मग कार्डावर छापणार काय, तर वॉशिंग्टन आणि त्याखाली नॅशनल लीगचा शॉर्टफॉर्म. तेवढ्यात मॅकडोनाल्ड्सवाले रे क्रॉक आले, त्यांनी टीम विकत घेतली आणि सॅन दिएगोतच ठेवली. टॉप्सने पुढच्या छपाईत दुरुस्ती केली, पण तोवर १५ कार्डं वॉशिंग्टनच्या नावाने छापून गेली होती, त्यात विली मॅकोव्हीचं २५० नंबरचंही आहे. जी टीम कधी झालीच नाही तिची ही कार्डं आजही सहज मिळतात, बहुतेक फार महागही नाहीत. मुलीला व्हेरिएशन म्हणजे काय ते समजवायचं असेल तर मॅकोव्हीची दोन कार्डं, एक पाद्रेजचं आणि एक वॉशिंग्टनचं, तिच्या हातात द्या, तासभर बोलण्यापेक्षा जास्त कळेल.

हा झाला बातमी बदलल्यामुळे झालेला बदल. १९५९ च्या सेटमध्येही काही कार्डांच्या मागे खेळाडू दुसऱ्या टीमला दिला गेला अशी एक ओळ नंतर घातली गेली, त्यामुळे ओळ असलेलं आणि ओळ नसलेलं असे दोन प्रकार झाले, आणि ती ओळ नसलेलं दुर्मिळ.

दुसरा प्रकार छापखान्यातला. १९६२ च्या ११० ते १९६ नंबरांत काही कार्डांवर हिरवट झाक आहे, आकाश, चेहरे सगळं हिरवट, आणि काहींचे तर फोटोच वेगळे. ही जादा छपाई दुसऱ्या छापखान्याकडे गेली होती त्याचा हा परिणाम. १९५८ मध्ये १ ते ११० मधल्या ३३ कार्डांवर खेळाडूचं किंवा टीमचं नाव पांढऱ्याऐवजी पिवळ्या अक्षरांत येतं, हँक आरनचं ३० आणि क्लेमेंटेचं ५२ त्यातलीच. १९५२ च्या पहिल्या ८० कार्डांची पाठ लाल शाईत आणि काळ्या शाईत अशी दोन्ही मिळते. आणि त्याच १९५२ मधलं मँटलचं जगप्रसिद्ध ३११ नंबरचं कार्ड, ज्याची एक प्रत २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली, तेसुद्धा दोन प्रकारचं आहे हे कितीतरी लोकांना माहीत नसतं. ते शीटवर दोन जागी छापलं जायचं, दोन्ही जागांसाठीची जुळणी वेगवेगळी केली होती, त्यामुळे मागे नंबरभोवती जो छोटा बॉल काढलाय त्याच्या शिलाईचे टाके एका प्रकारात एका बाजूला वळतात आणि दुसऱ्यात विरुद्ध बाजूला. एवढुसा फरक, पण भिंग धरलं की स्वच्छ दिसतो.

तिसरा प्रकार चूक होऊन ती दुरुस्त झाली तो. यात सगळ्यात जुनं आणि नावाजलेलं उदाहरण टी-२०६ या तंबाखूच्या सेटमधलं, शेरी मॅगी या खेळाडूच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं, लवकर लक्षात आलं, सुधारलं, आणि चुकलेली थोडीच बाहेर राहिली.

पण प्रत्येक चूक म्हणजे व्हेरिएशन होत नाही, इथे नवे लोक हमखास गोंधळतात. १९५७ च्या हँक आरनच्या कार्डावर, नंबर २०, निगेटिव्ह उलटी लागली, त्यामुळे तो डावखुरा दिसतो. टॉप्सने ती चूक कधी सुधारलीच नाही, म्हणजे १९५७ चं प्रत्येक आरन कार्ड असंच आहे, दुसरा प्रकार अस्तित्वातच नाही, मग जास्त पैसे कशाचे? तुमच्या ५६ मध्येही असं एक बसलंय. आरनचं ३१ नंबरचं कार्ड काढा आणि मोठा चेहरा सोडून मागचं छोटं घसरणीचं चित्र बघा, तो घसरणारा माणूस आरन नाही, विली मेज आहे. हीही चूक कधी सुधारली नाही. उद्या कुणी शोमध्ये तुम्हाला दुर्मिळ एरर म्हणून ५६ चा आरन चढ्या भावाने द्यायला लागला तर हसून पुढच्या टेबलावर जा.

आणि मग छपाईचे साधे दोष असतात, शाईचा ठिपका, रंग किंचित सरकलेला, एखादं अक्षर अर्धवट उमटलेलं. अशी कार्डं हजारोंनी आहेत, त्यांना व्हेरिएशन धरत नाहीत. पण १९५८ मधल्या पाँचो हेरेराचं ४३३ नंबरचं कार्ड बघा, काही प्रतींवर आडनावाचं शेवटचं अक्षर उमटलंच नाही, आणि ते मात्र कॅटलॉगमध्ये वेगळं व्हेरिएशन म्हणून नोंदलं गेलं, त्याला प्रचंड भाव आला. हाच प्रकार दुसऱ्या एखाद्या कार्डावर झाला तर त्याला कुणी विचारत नाही. म्हणजे काय धरायचं आणि काय सोडायचं हे शेवटी माणसांनी, कॅटलॉग लिहिणाऱ्यांनी आणि ग्रेडिंग कंपन्यांनी, म्हणजे कार्ड तपासून त्याला दर्जा देणाऱ्यांनी, ठरवलंय, ते बदलतही राहतं. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण पूर्ण हा शब्द त्या विक्रेत्याने असा वापरला जणू तो टॉप्सने १९५६ मध्ये छापून दिलाय.

टी-२०६ चं वर नाव आलंच आहे तर तेच बघा ना. १९०९ ते १९११ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत घातलेली ही कार्डं, होनस वॅग्नर या खेळाडूचं प्रसिद्ध कार्ड यातलंच. ५२४ कार्डं धरतात, पण वॅग्नर, एडी प्लँक, स्पेलिंग चुकलेला मॅगी आणि डॉयलचं एक चुकीचं कार्ड ही चार इतकी दुर्मिळ आणि महाग आहेत की जमवणाऱ्यांनी आपसातच मान्य करून टाकलंय, ५२० झाली की सेट पूर्ण म्हणायचं. आणि पाठीमागे पीडमाँट, स्वीट कॅपोरल, पोलर बेअर, ओल्ड मिल अशा सोळा ब्रँडच्या जाहिराती येतात, प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक पाठीचं कार्ड गोळा करायचं म्हटलं तर आकडा हजारोंत जातो, ते सगळं पुरं करायला कुणी बसत नाही. त्यात पोलर बेअर ही सिगारेट नव्हती, सुटी तंबाखू होती, त्यामुळे त्या पाठीच्या कार्डांवर तंबाखूचे डाग दिसतात. नुसता डाग बघून ते कार्ड कुठल्या पाकिटातून आलं असेल याचा अंदाज येतो, मला या छंदातलं हेच फार आवडतं. सांगायचा मुद्दा, बेसबॉल कार्डांतल्या सगळ्यात मोठ्या सेटचीही हद्द लोकांनी समजुतीने आखून घेतलीये, तर तुमच्या ५६ ची तुम्ही का नाही आखायची.

आता वहिनींचा प्रश्न. ३४० मध्ये त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, एका नंबरचं एक कार्ड पुरे. दोन्ही पाठी घ्यायच्या म्हटल्या तर नुसती त्यानेच १८० कार्डं वाढतात, म्हणजे ५२०, त्यात टीम कार्डं आणि चेकलिस्ट अजून वेगळ्या, आणि त्या १८० मध्ये मँटल, आरन, मेज, क्लेमेंटे, टेड विल्यम्स, जॅकी रॉबिन्सन हे सगळे दुसऱ्यांदा घ्यायचे आले. घरखर्च सांभाळून हे कुणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण व्हेरिएशनकडे पाठ फिरवू नका, कारण त्यातच त्या काळची छपाई, घाई, बातम्या सगळं दिसतं. त्यासाठी मी सांगते तसं करा, नमुने घ्या. एका साध्या, स्वस्त खेळाडूचं एक पांढऱ्या पाठीचं आणि एक राखाडी पाठीचं कार्ड, शेजारी शेजारी. सहा टीमपैकी कुठल्याही एका टीमचे तिन्ही प्रकार. जमलं तर ७४ चा मॅकोव्ही दोन्ही नावांचा, ६२ चं एखादं हिरवट कार्ड आणि त्याचंच नेहमीच्या रंगाचं, ५८ चं पिवळ्या अक्षरांचं एखादं स्वस्तातलं. सगळं मिळून बाइंडरची एक-दोन पानं होतील आणि ती पानं घरी आलेल्या कुणालाही दाखवता येतील. वहिनींना ती दाखवा आणि दोन कार्डांतला फरक त्यांना शोधू द्या, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आपोआप मिळेल असं मला मनापासून वाटतं.

मँटल. याबद्दल मला जरा काळजी वाटतेय म्हणून सविस्तर लिहिते. कार्ड नंबर १३५, त्याच वर्षी त्याने ट्रिपल क्राउन मिळवला, म्हणजे बॅटिंग अ‍ॅव्हरेज, होम रन आणि आरबीआय (आपल्या फटक्यावर टीमला मिळवून दिलेल्या धावा) तिन्हीत लीगमध्ये पहिला. या सेटमधलं सगळ्यात महाग कार्ड तेच. ते विकलंत तर आलेल्या पैशांत साधी कार्डं ढिगाने येतील हे खरं, पण मग सेटमध्ये १३५ ची जागा रिकामी राहील आणि ती भरायला तुम्हाला पुन्हा तेच कार्ड बाजारभावाने, वर विक्रेत्याचा नफा देऊन घ्यावं लागेल. साधी कार्डं हळूहळू, महिन्याला थोडी थोडी घेता येतात, मँटल तसा घेता येत नाही. घडी आहे, कोपरे गोल आहेत, तर असू देत, ते कार्ड पोराने खेळवलंय हे त्यावरून कळतं.

पण त्याआधी एक काम करायचंय आणि ते या पत्रातल्या बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे. आजोबांना फोन करा. डब्यात मँटल होता हे त्यांना आठवतंय का, आणि आज त्याची किंमत काय आहे हे त्यांना माहीत आहे का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. माहीत असून दिलं असेल तर प्रश्नच मिटला. माहीत नसेल तर सांगून टाका, स्पष्ट, आकड्यासकट. बहुतेक ते म्हणतील ठेव तुझ्याकडेच, किंवा म्हणतील नातवाला दे, जे म्हणतील ते करा. विचारल्याशिवाय मात्र त्या डब्यातलं एकही कार्ड विकायचं नाही.

फोनवर आणखी एक विचारा, डॉजर्स या ब्रुकलिनच्या टीमबद्दल. ब्रुकलिनचं पोर आणि १९५६ चं साल, म्हणजे आदल्याच वर्षी, १९५५ मध्ये, डॉजर्सनी ब्रुकलिनमध्ये असतानाची त्यांची एकमेव वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं सर्वोच्च विजेतेपद, जिंकलेली, आणि १९५७ चा सीझन संपला की टीम लॉस एंजेलिसला गेली. टॉप्स कंपनीही तेव्हा ब्रुकलिनचीच. तुमच्या डब्यात डॉजर्सची कार्डं कोणती आहेत ते बघा, रॉबिन्सन ३०, कोफॅक्स ७९, कॅम्पानेला १०१, हॉजेस १४५, स्नायडर १५०, टीम कार्ड १६६, रीझ २६०. ती बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलेली असतील किंवा अगदी जपून ठेवलेली असतील, दोन्हीचं कारण आजोबाच सांगू शकतात, आणि ते सांगतील ते मुलीला लिहून ठेवायला लावा. रॉबिन्सन त्याच सीझननंतर रिटायर झाला, म्हणून खेळत असताना निघालेलं त्याचं टॉप्सचं हे शेवटचं कार्ड.

डब्यातली कार्डं चांगल्या प्रतीची मिळाली म्हणून बदलत बसू नका हेही सांगते. खूप लोक अपग्रेडच्या नादाला लागतात, सेट पूर्ण व्हायच्या आतच अर्धी कार्डं दुसऱ्यांदा विकत घेतात, आणि मग पैसे संपतात. उरलेली कार्डं घेतानाही त्याच डब्याच्या तोडीची घ्या, कोपरे थोडे गेलेले, रंग चांगला, मोठी घडी नाही, अशी. चकचकीत कार्ड त्यांच्यात बसवलं की तेच एकटं वेगळं दिसतं. ग्रेडिंगला साधी कार्डं पाठवूच नका, फी कार्डापेक्षा जास्त होते. मँटल पाठवायचा की नाही ते आजोबांशी बोलल्यावर ठरवा, विकायचा नसेल तर घाई नाही, फक्त त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि इन्शुरन्सवाल्याला विचारून घ्या.

मोठ्या खेळाडूंची उरलेली कार्डं घेताना मात्र खबरदारी. ५६ चं कार्ड २ ५/८ बाय ३ ३/४ इंच असतं, आजच्या अडीच बाय साडेतीनपेक्षा मोठं, १९५७ पासून टॉप्सने आकार लहान केला. त्यामुळे आजच्या आकारातला ५६ दिसला की तो नंतरचा रीप्रिंट, विषय संपला. मूळ आकाराचं असेल तर तुमच्या डब्यातलं एक कार्ड त्यावर ठेवून चारही कडा जुळतात का बघा, कुठे कमी भरलं तर कड कापून कोपरे नवे केलेत असं समजा. आणि भिंगाने काळी अक्षरं बघा, मूळ छपाईत ती एकसंध काळी असतात, स्कॅन करून छापलेल्या नकलेत रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात.

याच आकारामुळे नेहमीची नऊ कप्प्यांची पानंही तुम्हाला चालणार नाहीत, कार्ड आत कोंबलं जातं आणि कोपरे दुमडतात. १९५२ ते ५६ च्या टॉप्ससाठी आठ कप्प्यांची पानं मिळतात, ती मागा, पीव्हीसी नसलेली. आणि बाइंडर बेसमेंटमध्ये ठेवू नका, न्यू जर्सीच्या उन्हाळ्यातली दमट हवा पुठ्ठ्याला घातक.

राहिलेलं काय आणि कशाच्या आधी घ्यायचं ते सांगते. १८१ ते २६० ही तिसरी सिरीज, म्हणजे त्या वर्षी तिसऱ्या टप्प्यात निघालेली कार्डं, या सेटमध्ये सगळ्यात कमी मिळते, साधे खेळाडूसुद्धा जरा जास्त भावाने जातात, आणि बहुतेक लोक ती शेवटाला ठेवून अडकून पडतात. तुमच्या यादीत त्यातले किती नंबर उरलेत ते आज रात्री मोजा, एका कागदावर लिहा, कागदाच्या वर ३४० एवढंच लिहा, आणि पुढच्या शोला तो कागद खिशात घेऊन जा. रीझचं २६० डब्यात निघालं नसेल तर त्याचा नंबर यादीत सगळ्यात वर घाला.